सातव्या क्रमांकावर आलेली मुलगी

२००७ च्या सुरुवातीला अमेरिकेत ‘नॅशव्हिल स्टार’ या गायनस्पर्धेचं पाचवं पर्व टीव्हीवर चालू होतं. स्पर्धा कंट्री संगीताची, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या लोकसंगीतातून आलेल्या गाण्यांची. पूर्व टेक्सासमधून आलेली केसी मस्ग्रेव्ह्ज नावाची अठरा वर्षांची मुलगी त्यात सातवी आली. सातवा क्रमांक कुणाच्या लक्षात राहत नाही, तसा तिचाही राहिला नाही. बारा वर्षांनी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, तिच्या ‘गोल्डन अवर’ला ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ हा मानाचा पुरस्कार मिळाला. त्या वर्षी तिला एकूण चार ग्रॅमी मिळाले. स्पर्धेत तिच्या पुढे असलेल्या सहा जणांपैकी कुणीही तिथवर पोहोचलं नाही.

अशा गोष्टीची आपल्याकडे लगेच जिद्दीची कहाणी होते. हरली, खचली नाही, पुन्हा उभी राहिली, जिंकली. स्नेहसंमेलनातल्या भाषणाला हे पुरेसं असेल, पण त्यातून हाती काही लागत नाही. स्पर्धा संपली २००७ मध्ये आणि मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीकडून तिचा पहिला अल्बम आला मार्च २०१३ मध्ये. मधल्या सहा वर्षांत या मुलीने नेमकं काय केलं? तिने गाणी लिहिली. एकटीने लिहिली, दोघा-तिघांत बसून लिहिली, स्वतःसाठी लिहिली आणि दुसऱ्यांसाठीही लिहिली. गायिका म्हणून ती वाढली ती या लिहिण्यातून. गायनस्पर्धांच्या रचनेत मात्र या कामाला जवळजवळ जागाच नसते. गाणाऱ्या मुलांना आपण ज्या वाटेने नेतो आहोत ती या एका उदाहरणावर घासून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

स्पर्धेबद्दल जे चांगलं म्हणता येईल ते आधी म्हणतो. ‘नॅशव्हिल स्टार’ २००३ ते २००७ या काळात एका केबल वाहिनीवर आणि शेवटचं एक पर्व एनबीसी या मोठ्या वाहिनीवर, अशी सहा पर्वं चालली. बाकीच्या गायनस्पर्धांपेक्षा ती एका बाबतीत वेगळी होती. स्पर्धकांना तिथे स्वतः लिहिलेली गाणी गायची मुभा होती. पहिल्या पर्वाचा विजेता बडी ज्युएल याने आपल्या लहान मुलीवरून सुचलेलं स्वतःचं गाणं तिथे गायलं आणि तेच पुढे रेडिओवर गाजलं. त्याच पर्वात तिसरी आलेली मिरांडा लॅम्बर्ट हिने वडिलांबरोबर लिहिलेलं गाणं त्या मंचावर म्हटलं. एकोणीस वर्षांची मुलगी असं लिहू शकते हे ऐकणाऱ्यांना तिथेच कळलं, आणि त्याच वर्षी सोनीने तिला करारबद्ध केलं. म्हणजे मंच मिळाला, लाखो लोकांनी ऐकलं, कंपनीचं दार उघडलं. लहान गावातल्या मुलीसाठी हे थोडं नाही.

मिरांडाचं नाव पुढे पुन्हा येणार आहे, म्हणून तिच्याबद्दल थोडं आधीच सांगतो. तीही पूर्व टेक्सासमधलीच. ती लिंडेलची, केसी गोल्डनची. गोल्डन हे रताळ्यांच्या जत्रेसाठी ओळखलं जाणारं, काही शे वस्तीचं खेडं. दोन्ही गावांमध्ये मोटारीने तासाभराचंही अंतर नाही. मिरांडा सोळा वर्षांची असताना तिला नॅशव्हिलमध्ये, कंट्री संगीताची राजधानी मानल्या जाणाऱ्या शहरात, ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली होती. तिच्यापुढे ठेवलेली गाणी पॉप वळणाची होती, तिच्या जगण्याशी त्यांचा संबंध नव्हता. ती वैतागून घरी परतली आणि वडिलांकडून गिटार शिकली, का, तर स्वतःची गाणी लिहिता यावीत म्हणून. सोळाव्या वर्षी नॅशव्हिलला नाही म्हणणं ही साधी गोष्ट नव्हे. तिच्या कारकिर्दीतला पहिला मोठा निर्णय मला हाच वाटतो. स्पर्धा त्यानंतर तीन वर्षांनी आली. २००५ मध्ये तिचा ‘केरोसीन’ हा पहिला मोठा अल्बम आला. त्यातल्या बारा गाण्यांपैकी अकरा गाण्यांच्या लेखनात तिचा हात होता, आणि तो कंट्री अल्बमच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला.

या दोघींना जोडणारा आणखी एक धागा आहे, आणि या सगळ्या गोष्टीतला माझा सर्वांत आवडता भाग तोच. दोघींच्या गावांपासून जवळ मिनिओला नावाचं छोटं शहर आहे. तिथे जॉन डीफूर नावाचे एक गिटारशिक्षक होते आणि दोघीही त्यांच्याकडे शिकल्या. केसी बारा-तेरा वर्षांची असताना तिला लिहिण्याची ओढ आहे हे त्यांनी ओळखलं आणि गृहपाठ दिला: दर आठवड्याला एक गाणं लिहून आणायचं. गाणं चांगलं असो वा वाईट, ते पूर्ण असलं पाहिजे. पुढच्या यशाचं श्रेय वाटायची वेळ आली की लोक वाहिनीचं, परीक्षकांचं, कंपनीचं नाव घेतात. मी त्या गृहपाठाचं घेईन. लिहिणं सवयीने येतं, आणि ही सवय लावायला टीव्हीचे दिवे लागत नाहीत. जो शिक्षक मुलाला ‘हे अमक्यासारखं म्हणून दाखव’ असं सांगण्याऐवजी ‘तुला काय म्हणायचंय ते घेऊन ये’ असं सांगतो, तो मुलाच्या पुढच्या तीस वर्षांची तरतूद करत असतो.

स्पर्धेचं मोजमाप कसं चालतं ते पाहू. स्पर्धकाला दोन-तीन मिनिटं मिळतात. गाणं बहुधा सगळ्यांच्या ओळखीचं असतं, कारण अनोळखी गाण्याला मतं पडत नाहीत. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ गायकाचा आवाज आधीच बसलेला असतो, त्यामुळे स्पर्धकाचं गाणं त्या आवाजाच्या शेजारी ठेवून तोललं जातं. सुराची पक्की, तालाची पक्की आणि मूळ गाण्याच्या जितकी जवळ जाईल तितकी मुलगी पुढे जाते. परीक्षक तोंडाने ‘स्वतःचं काहीतरी आण’ म्हणतात, पण टाळ्या पडतात त्या हुबेहूब उतरलेल्या जागेला. अठराव्या वर्षी माणसाचा आवाज तयार असू शकतो. त्याला जगाबद्दल जे म्हणायचं आहे ते मात्र तयार नसतं, आणि ते तयार व्हायला लागणारी वर्षं कोणत्याही पर्वात बसत नाहीत. म्हणून केसीचा सातवा क्रमांक मला अन्यायाचा वाटत नाही. त्या मोजपट्टीवर ती सातवी असेलही. ती मोजपट्टी एका छोट्या गोष्टीची होती, एवढंच.

स्पर्धेनंतर ती नॅशव्हिलला राहायला गेली. तिथे तिने डेमो गायले. दुसऱ्या गीतकाराचं नवं गाणं मोठ्या गायकाला ऐकवायचं असतं तेव्हा ते आधी कुणाकडून तरी साधं ध्वनिमुद्रित करून घेतात, त्याला डेमो म्हणतात. डेमो गाणारीचं नाव कुठे छापलं जात नाही. या कामात रोज नवं गाणं हातात येतं. कडवं कुठे लांबलं, धृपद कुठे उशिरा आलं, कोणता शब्द तोंडात बसत नाही, हे सगळं गाता गाता कळतं. गीतलेखनाची याहून चांगली शाळा मला सुचत नाही.

आणि मग सहलेखन. नॅशव्हिलमध्ये ‘म्युझिक रो’ नावाचा भाग आहे. तिथल्या जुन्या घरांमधून आणि कचेऱ्यांमधून गीतकार सकाळी दहा-अकराला भेटतात, दोघे किंवा तिघे, आणि संध्याकाळपर्यंत एक गाणं लिहून उठतात. ऑफिसला जावं तसं जातात. खोलीत जितके जण असतील तितके समान वाटे, असा तिथला सर्वसाधारण रिवाज. कोणी एक ओळ दिली आणि कोणी दहा, तरी हिशेब सारखा, कारण एखादी ओळ नेमकी कुणामुळे सुचली हे सांगता येत नाही. कवी एकांतात लिहितो असं मानणाऱ्या आपल्या मनाला हे थोडं खटकतं. मलाही सुरुवातीला हा कारखाना वाटला होता. पण या पद्धतीचा एक मोठा गुण आहे. वीस वर्षांची मुलगी आपल्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, कसलेल्या गीतकारांच्या शेजारी बसते, त्यांनी एक शब्द टाकून दुसरा का उचलला हे डोळ्यांदेखत पाहते, आणि संध्याकाळी त्या गाण्यावर तिचंही नाव असतं. शिष्यत्व आणि मोबदला एकाच दिवशी.

याच शहरात १९८२ मध्ये ‘ब्लूबर्ड कॅफे’ सुरू झालं. दुकानांच्या एका साध्या रांगेतली शंभराच्या आत खुर्च्यांची जागा. गीतकार मधोमध गोल करून बसतात, श्रोते त्यांच्याभोवती. एकेक जण आपलं गाणं म्हणतो आणि ते कसं सुचलं ते सांगतो. गाणं चालू असताना बोलायचं नाही, हा तिथला दंडक. मोठमोठ्या गायकांनी लोकप्रिय केलेली गाणी तिथे ज्याने लिहिली त्याच्या फाटक्या-तुटक्या आवाजात ऐकायला लोक पैसे देऊन येतात. २००८ पासून हे कॅफे गीतकारांच्याच संघटनेकडे आहे. जे शहर गीतकाराला असं मधोमध बसवतं त्या शहरात सातव्या क्रमांकाच्या मुलीला दुसरी संधी मिळते, यात मला नवल वाटत नाही.

पैशाचंही बोललं पाहिजे, कारण कलेच्या चर्चेत आपण ते सोयीस्करपणे टाळतो. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की गीतकाराला आणि गाण्याचे हक्क सांभाळणाऱ्या प्रकाशकाला मानधन मिळतं. ज्याने ते गायलं त्याला मात्र रेडिओकडून एक सेंटही मिळत नाही, अजूनही नाही. अल्बमच्या प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दर गाण्याला कायद्याने ठरवलेला दर असतो. २००६ पासून पुढची बरीच वर्षं तो ९.१ सेंट होता, २०२३ मध्ये १२ सेंट झाला. म्हणजे ९.१ सेंटने धरलं तर १० लाख प्रती खपलेल्या अल्बममधल्या एका गाण्याचे ९१,००० डॉलर. तिघांनी लिहिलेलं असेल आणि निम्मा वाटा प्रकाशकाचा धरला, तर एकेका गीतकाराला सुमारे १५,००० डॉलर. श्रीमंती येण्याइतके नव्हेत, पण वर्षाचं घरभाडं निघेल इतके. आवाज बसला, चेहरा जुना झाला, वाहिनीला नवा चेहरा हवासा झाला, तरी गाणं वाजत राहतं आणि लिहिणाऱ्याला जगवत राहतं. स्पर्धेत गाणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

केसीने ब्रँडी क्लार्क आणि शेन मॅकअ‍ॅनली यांच्याबरोबर ‘मामाज ब्रोकन हार्ट’ हे गाणं लिहिलं. प्रेमभंगाने कोलमडलेली मुलगी आणि ‘चारचौघांत नीट राहा, रडताना दिसू नकोस’ असं शिकवणारी आई, असा त्याचा विषय. ते गायलं मिरांडा लॅम्बर्टने, २०११ च्या आपल्या अल्बममध्ये. २०१३ मध्ये ते रेडिओवर जोरात वाजलं. एकाच स्पर्धेतली सातवी आणि तिसरी, एकाच शिक्षकाच्या दोन विद्यार्थिनी. एकीने लिहिलं, दुसरीने गायलं. जानेवारी २०१४ च्या ग्रॅमीत सर्वोत्तम कंट्री गाण्याच्या नामांकनांत हे गाणं होतं, आणि त्याला हरवलं तेही केसीच्याच ‘मेरी गो राउंड’ने. हा पुरस्कार गीतकाराला देतात हे इथे लक्षात घ्यायला हवं. त्याच दिवशी तिच्या ‘सेम ट्रेलर डिफरंट पार्क’ला सर्वोत्तम कंट्री अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

‘मेरी गो राउंड’ मी पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यातल्या गावात मुली विशीत लग्न करून मोकळ्या होतात, कारण नाही केलं तर लोक काय म्हणतील. आई घरोघर सौंदर्यप्रसाधनं विकण्याच्या नादात, भाऊ गांजाच्या, बाप दोन घरं सोडून राहणाऱ्या बाईच्या. रविवारी सगळे चर्चमध्ये. पाळणा गोल फिरतो आणि कुणीच खाली उतरत नाही. कंट्री संगीताने लहान गावाचं इतकं गोड चित्र इतकी वर्षं विकलं होतं की हे गाणं ऐकून अनेकांना ठसका लागला. पण केसी बाहेरून नावं ठेवत नाही. ती त्याच गावाची मुलगी आहे, आणि गाण्यात राग कमी आणि कळवळा जास्त आहे. हे गाणं कुठल्याही स्पर्धेच्या कुठल्याही फेरीत तिला कुणी दिलं नसतं, कारण ते तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते लिहायला तिला गाव सोडावं लागलं आणि मग दुरून त्याच्याकडे बघावं लागलं.

‘सेम ट्रेलर डिफरंट पार्क’मधलंच दुसरं गाणं ‘फॉलो युवर अ‍ॅरो’. बाईने असं वागावं तरी बोल, तसं वागावं तरी बोल, मग आपल्या मनाचं ऐक, असं सांगणारं हे गाणं. मुलीने मुलीचं चुंबन घेण्याचा उल्लेख त्यात होता, गांजाचाही होता. कंट्री रेडिओने ते फारसं वाजवलं नाही. पुरस्कार सोहळ्यातल्या थेट प्रक्षेपणात त्यातले शब्द दाबले गेले. तरी २०१४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातलं सर्वोत्तम गाणं ठरवलं. रेडिओ ज्याला जागा देत नव्हता त्याला त्याच क्षेत्रातल्या लोकांनी मतं दिली.

रेडिओच्या वृत्तीबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे. २०१५ मध्ये कीथ हिल नावाच्या रेडिओ सल्लागाराने जाहीरपणे म्हटलं की कंट्री रेडिओ हे सॅलड आहे, पुरुष गायक म्हणजे त्यातली पानं आणि बायका म्हणजे टोमॅटो, मधूनमधून टाकायचे. ज्या व्यवस्थेत गायिकेला एवढीच जागा आहे तिथे फक्त आवाजाच्या बळावर उभी राहिलेली मुलगी दर वर्षी कुणाच्या तरी मर्जीवर अवलंबून राहते. लिहिणारी मुलगी रेडिओने नाकारली तरी संपत नाही. तिचं गाणं दुसरं कुणी गातं, मालिकेत वापरलं जातं, श्रोते थेट शोधून ऐकतात. ‘गोल्डन अवर’ला कंट्री रेडिओची साथ नव्हतीच. २०२१ च्या तिच्या अल्बमला ग्रॅमीच्या समितीने कंट्री गटात घ्यायलाही नकार दिला. २०२५ मध्ये ‘द आर्किटेक्ट’ या गाण्याला तोच कंट्री गाण्याचा ग्रॅमी पुन्हा मिळाला, आणि त्यावर तिच्यासोबत तीच दोन नावं होती जी ‘मेरी गो राउंड’वर होती: शेन मॅकअ‍ॅनली आणि जॉश ऑस्बोर्न. एका खोलीतली मैत्री इतकी वर्षं टिकते आणि फळते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. न लिहिणारा गायक काय कमी दर्जाचा? मुळीच नाही. कॅरी अंडरवूड २००५ मध्ये ‘अमेरिकन आयडॉल’ जिंकली आणि तिचं पहिलं गाजलेलं कंट्री गाणं तीन व्यावसायिक गीतकारांचं होतं. तो आवाज अस्सलच आहे, आणि पुढे तीही सहलेखनात उतरली. खुद्द मिरांडा लॅम्बर्टचं सर्वांत लाडकं गाणं ‘द हाउस दॅट बिल्ट मी’ तिने लिहिलेलं नाही. ते टॉम डग्लस आणि अ‍ॅलन शॅम्बलिन यांचं. ज्या भाषेत लता मंगेशकर आणि सुधीर फडके गायले त्या भाषेच्या माणसाने गायनाला दुय्यम म्हणावं, हे शक्यच नाही. पण मिरांडाने ते गाणं निवडलं तेव्हा तिच्यामागे स्वतः लिहिलेल्या गाण्यांची बरीच वर्षं होती. कोणतं गाणं आपलं आहे, हे तिला ओळखता आलं. लिहिणाऱ्या गायकाला दुसऱ्याचं गाणंही जास्त नीट वाचता येतं. शिवाय सगळ्यांनी लिहिलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. ज्याला लिहायचं आहे त्याला दहाव्या-बाराव्या वर्षीच ‘तू फक्त गा’ असं सांगितलं जाऊ नये, हा हट्ट आहे.

मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न जास्त गंभीर होतो. टेक्सासमध्येच वाढलेली लीअ‍ॅन राइम्स लहानपणी ‘स्टार सर्च’ या टीव्ही स्पर्धेत चमकली आणि १९९६ मध्ये तेरा वर्षांची असताना देशभर गाजली. २००० मध्ये, अजून अठराही पूर्ण नसताना, पैशांच्या व्यवहारावरून तिला स्वतःच्या वडिलांवर दावा लावावा लागला, आणि काही महिन्यांनी, बाराव्या वर्षी झालेल्या करारावरून, कंपनीवरही. पुढे दोन्हीकडे तडजोडी झाल्या. गळा असामान्य होता, यश अफाट होतं, आणि ज्या कागदावर सगळं उभं होतं तो तिला समजेल अशा वयात सही झालाच नव्हता. याउलट टेलर स्विफ्टने चौदाव्या वर्षी गीतकार म्हणून करार केला. जुन्या अल्बमच्या मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी दुसऱ्यांकडे गेली तेव्हा २०२१ पासून तिने तीच गाणी नव्याने ध्वनिमुद्रित करून बाजारात आणली. हे करता आलं कारण गाणी तिने लिहिली होती. गाण्याचा हक्क आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एक वाक्य जरी प्रत्येक स्पर्धकाच्या घरी पोहोचलं तरी पुष्कळ होईल.

आपल्याकडे हा विषय परका नाही. २००८-०९ मध्ये झी मराठीवरच्या ‘लिटिल चॅम्प्स’ने महाराष्ट्राला वेड लावलं होतं. कार्तिकी गायकवाड जिंकली, पण बाकीची मुलंही घराघरांत नावाने ओळखली जाऊ लागली. त्या मुलांनी जुनी नाट्यगीतं, भावगीतं, अभंग अशा तयारीने गायले की एका पिढीला ती गाणी पुन्हा भेटली. हे उपकार मोठे आहेत. पण तेव्हापासून आजवर आपल्या स्पर्धांचा साचा फारसा हलला नाही. मुलाने जुनं गाणं म्हणावं, परीक्षकांनी मूळ गायकाची आठवण काढावी, पाहुण्याने डोळे पुसावेत. त्या मुलाच्या वहीत काय लिहिलं आहे, हे विचारणारी फेरी मी पाहिलेली नाही.

आणि खरं तर गीतकाराला मान देणं आपल्याला शिकवावं लागू नये. आकाशवाणीवर गाण्याआधी कवी, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावं सांगायची रीत होती. त्यामुळे ज्यांनी कवितेचं पुस्तक हाती धरलं नाही त्यांनाही शांता शेळके, सुरेश भट, जगदीश खेबुडकर ही नावं ठाऊक असायची. दर आठवड्याला एक गाणं हा गृहपाठही आपल्या परिचयाचा आहे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गदिमांनी आणि बाबूजींनी आठवड्याला एक या शिस्तीने वर्षभर गीतरामायण उभं केलं. आता मोबाइलवर गाणं लागतं तेव्हा गायकाचं नाव आणि चित्रपटाचं चित्र दिसतं. कवीचं नाव शोधायला दोन-तीन ठिकाणी बोट लावावं लागतं. नाव गेलं की मागोमाग मानधनही जातं. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्रपटगीतांचे गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला आपला वाटा लिहून देऊन टाकता येणार नाही अशी तरतूद आली. जावेद अख्तरांनी राज्यसभेत त्यासाठी जोर लावला होता. कायदा आहे, पण आपल्या मुलाला गाण्याच्या क्लासला घालणाऱ्या किती आईवडिलांना तो माहीत आहे?

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. मराठी वाहिन्यांनी प्रत्येक पर्वात किमान एक फेरी स्पर्धकांच्या स्वतःच्या किंवा समवयस्कांबरोबर मिळून केलेल्या गाण्यांची ठेवावी. ज्याला लिहिता येत नाही त्याने गावातल्या, कॉलेजातल्या एखाद्या नव्या कवीला शोधावं आणि त्याचं नाव पडद्यावर गायकाच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत यावं. ऐकायला कोण बसेल, असं वाहिनीवाले विचारतील. ‘नॅशव्हिल स्टार’च्या पहिल्याच पर्वात लोक ऐकायला बसले होते, आणि त्याच पर्वातून स्वतःची गाणी घेऊन आलेले दोघे पुढे गेले. गाणी कच्ची असतील. दहापैकी आठ विसरून जाण्यासारखी असतील. मिनिओलातल्या त्या गृहपाठातलीही बहुतेक तशीच असणार.

स्पर्धेच्या करारात मात्र एक कलम ठळकपणे हवं: मुलाने लिहिलेल्या गाण्याचा हक्क मुलाचाच राहील, वाहिनीकडे फक्त ते भाग दाखवण्याची परवानगी. अठरा वर्षांखालच्या स्पर्धकाचा करार पालकांनी वकिलाला दाखवूनच सही करावा आणि त्यासाठी वाहिनीने पुरेसे दिवस द्यावेत. निवड झाल्याच्या आनंदात, शूटिंगच्या गडबडीत पुढे केलेला पंधरा-वीस पानी कागद कुणी वाचत नाही. आणि जी मुलं चौथ्या, सातव्या, दहाव्या क्रमांकावर घरी परततात त्यांना पुढच्या वर्षीच्या ऑडिशनला लगेच उभं करू नये. त्यांना एक चांगला शिक्षक, लिहिणारे दोन मित्र आणि कुणी निकाल विचारणार नाही अशी काही वर्षं द्यावीत.